आईचं एकोणऐंशी

१

अगं, फोन ठेवू नकोस, आधी ऐक. आत्ता, म्हणजे अगदी आत्ता इथे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आत जाता येणार नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात आहे मी. बाहेरच्या बाकावर बसलेय, मांडीवर लॅपटॉप, शेजारच्या पिशवीत अप्पांचं यंत्र. अप्पा आत आहेत, ऑपरेशनला. हो, झाले एकदाचे तयार. कसे झाले तेच सांगायचंय, पण पहिल्यापासून सांगू दे. मधूनच सुरू केलं तर म्हणशील, हिचं काहीतरी हललंय.

तर अप्पा. रिटायर झाल्यावर खडू सुटला, गणित काही सुटलं नाही. गाडीचा नंबर असो, विजेचं मीटर असो, आकडा दिसला की माझे वडील त्याची कुळी काढणार. ही सम, ही विषम, ही मूळ, म्हणजे एक आणि स्वतः सोडून हिला कुणाचाच भाग जात नाही, बिचारी एकटी. लोकांच्या घरी शेजाऱ्यांवर गप्पा चालतात, आमच्याकडे संख्यांवर.

त्यातली त्यांची एक लाडकी वर्गवारी होती. कुठलीही संख्या घे. तिच्याहून लहान अशा ज्या ज्या संख्यांनी तिला पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज कर. सहा घे. एक, दोन, तीन. बेरीज सहाच. ही भरलेली. दहा घे. एक, दोन, पाच. आठच झाले. ही उणी. बारा घे. एक, दोन, तीन, चार, सहा. सोळा झाले. ही वरकड.

"माणसांचंही तसंच असतं, शून्या," असं म्हणायचे. शून्या म्हणजे मी. जन्मले तेव्हा गोल होते म्हणे. "आतलं सगळं बाहेर काढून मांडलं की कळतं, कोण भरलेलं आणि कोण उणं."

आता गंमत बघ. दोन, चार, आठ, सोळा, अशी दुप्पट करत गेलीस तर प्रत्येक संख्या फक्त एकने उणी येते. आठाचे एक, दोन, चार. सात. एक कमी. अशा हव्या तेवढ्या. पण फक्त एकने जास्त? एकच वरकड? अशी संख्या जगात आजवर कुणाला सापडलेली नाही. असलीच तर ती विषम असणार, कुणाचा तरी वर्ग असणार, निदान सात वेगवेगळ्या मूळ संख्यांनी तिला भाग जाणार आणि निदान छत्तीस अंकी असणार, एवढं लोकांनी सिद्ध करून ठेवलंय.

"छत्तीस अंकी? म्हणजे तुमचा तिच्याशी छत्तीसचाच आकडा की हो, मास्तर," असं आई म्हणायची. अप्पांना मास्तर म्हणणारी ती एकटी. बाकी सगळे सर म्हणायचे.

त्यावर अप्पांचं ठरलेलं उत्तर होतं. "सापडली नाही, एवढंच. नाहीच, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही."

हे वाक्य लक्षात ठेव. आई गेल्यावर अप्पा याच वाक्याला धरून बसले.

२

आता आईचं सांगते, कारण सगळं तिच्या एका चुकीवर अडलंय.

आमच्या घराचा नंबर आठ-नऊ. काय म्हणशील? एकोणनव्वद. आई जन्मभर एकोणऐंशी म्हणाली. दूधवाला, कुरिअर, पाहुणे, सगळ्यांना फोनवर बिनदिक्कत एकोणऐंशी सांगायची आणि सगळे खाली सात-नऊमध्ये जाऊन धडकायचे. तिथे शिवणवाल्या काकू राहतात. आमच्या घरातलं अर्धं सामान त्यांच्या हातून वर आलंय. "तुमची एक चावीच देऊन ठेवा मला," असं म्हणत यायच्या जिना चढून.

अप्पांनी किती समजावलं. "अगं, एकोण म्हणजे एक ऊन. एक उणं. ऐंशीला एक उणं ते एकोणऐंशी. नव्वदला एक उणं ते एकोणनव्वद."

"समोर ढळढळीत आठ दिसतोय, मास्तर. एक्याऐंशीपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत सगळे ऐंशीच्या घरातले, आणि शेवटच्या पोराला तेवढं शेजारी ढकलायचं? आणि नाव काय ठेवायचं, तर याच्यात काय नाही त्यावरून. जे आहे त्यावरून नाव ठेवावं माणसानं."

"मग खरं एकोणऐंशी आलं तर काय म्हणशील?"

"एकोणऐंशीच म्हणीन. राहतील दोघं एका नावानं. जुळे समजा."

आणि विचार कर, हिच्याच आवाजात एक हिशेबाचं यंत्र बोलतं. अंध लोकांसाठी वस्तू बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती फोनवर बसायची. आवाज खणखणीत, म्हणून त्यांनी त्यांच्या बोलक्या कॅल्क्युलेटरसाठी तिचाच आवाज घेतला. इंग्रजीचं बरं असतं, वीस-पंचवीस शब्दांत भागतं. आपल्याकडे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येकाचं बारसं वेगळं. शंभर शब्द एकेक करून बोलावे लागले तिला. वर अधिक, उणे, गुणिले, भागिले आणि बरोबर. आठ-नऊ आल्यावर तिथल्या इंजिनिअरने तिला थांबवलं आणि पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून एकोणनव्वद म्हणवून घेतलं. घरी आली ती तणतणत.

म्हणजे जगात ती एकच जागा होती, जिथे आई आठ-नऊला एकोणनव्वद म्हणते. त्या यंत्रात.

३

आई गेली त्याच्या आसपास अप्पांचे डोळे बिघडायला लागले. डोळ्यातला दाब वाढतो, नजर कडेकडून विझत आत येते. थेंब चालू होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती राखता येईल. अप्पा म्हणाले, बघू. आणि मग त्यांचं बघूच चालू राहिलं.

दिसेनासं झालं तसं ते यंत्र त्यांनी कपाटातून काढलं. खाली एक खटका आहे, एका बाजूला सुटे, दुसरीकडे जोडी. जोडीवर ठेवलं की आकड्यातले अंक दोन-दोन घेऊन वाचतं. अप्पा कायम जोडीवर ठेवायचे. सुट्यावर तिचे दहाच शब्द ऐकू येतात, जोडीवर सगळे.

मी संध्याकाळी कामावरून आले की जिन्यातूनच ऐकू यायचं. "सतरा. गुणिले. सतरा. बरोबर. दोन. एकोणनव्वद." आणि अप्पांचा आवाज, "बरोबर, बाईसाहेब." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चप्पल हातात घेऊन पायरीवर बसून राहिले होते. मग सवय झाली. मग आवडायलाच लागलं. घरात कुणीतरी बोलतंय, एवढं पुरे होतं गं.

त्या रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून नेहमीचं चालू होतं. "सतरा. गुणिले. सतरा. बरोबर. दोन. एकोणऐंशी."

माझ्या हातात अप्पांचा शर्ट होता. तो तसाच धरून मी आत गेले.

"अप्पा, काय म्हणाली?"

अप्पा हसत होते. खरंच हसत होते, आई गेल्यावर पहिल्यांदा. "चुकली," म्हणाले.

मी यंत्र घेतलं. आठ दाबला, नऊ दाबला. बरोबर दाबलं.

"एकोणऐंशी," आई म्हणाली.

४

आता तुला माहितीये माझं काम काय. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कापत बसते. पुस्तकं वाचणाऱ्यांचे श्वास काढ, खोकले काढ, चुकलेला शब्द दुसरीकडून आणून चिकटव. त्यामुळे मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, जुनी चिप आहे. शंभर शब्द शंभर खणांत ठेवलेत, एक खण बिघडला असेल, आठ-नऊचा निरोप सात-नऊच्या खणात जात असेल. आमच्या कुरिअरसारखा. अगदी साधं आहे.

अप्पांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "असेल. पण दुपारी ती जे मोठं वाचते, ते ऐकलंस का?"

"मोठं काय?"

त्यांनी यंत्र पुसलं, मांडीवर ठेवलं आणि नुसतं बरोबर दाबलं. आधी काहीच न दाबता.

आई वाचायला लागली. एकेक जोडी, शांतपणे, आम्हाला पाढे म्हणून दाखवायची तशी. "बावीस. सदुसष्ट. शून्य चार. एक्याण्णव." मी म्हटलं आता थांबेल, त्या पडद्यावर आठच अंक मावतात. थांबली नाही. पुढे गेली. आणि पुढे. मी वाकून पडदा पाहिला. पडद्यावर नुसतं शून्य होतं. ती वाचतच होती. शेवटी किंचित थांबली, आणि "एकोणऐंशी".

"चाळीस अंकी आहे," अप्पा म्हणाले. "रोज तीच. एक अंकसुद्धा इकडचा तिकडे नाही."

मी फोनवर ते टिपलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टिपलं. असं बरंच केलं. तुलनेला सात आणि नऊ दाबून खरं एकोणऐंशीही टिपलं. मग ऑफिसात नेऊन एकाखाली एक लावून बघितलं. टिपलेला आवाज म्हणजे काय गं, छाप्यासारखा असतो. बावीसचा बावीस केसासारखाही फरक न पडता यायला हवा. आलाही. सदुसष्ट, तसाच. सगळे शब्द एकावर एक ठेवले की एकच रेघ दिसायची.

शेवटचा शब्द सोडून.

तो दर वेळी वेगळा होता. एकदा त्याच्या आधी श्वास घेतलेला. एकदा शेवट जरा लांबवलेला. एकदा तर, मी हेडफोन दाबून धरून ऐकलं, त्याच्यात हसू होतं. अप्पांना चिडवताना ओठ मिटून हसायची ना, तसं. छापा कधी हसत नाही गं.

मी सगळं पुसून टाकलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तिथेही माझं शहाणपण चालूच होतं. फोनचा माईक खराब असेल. माझे कान थकले असतील. घरातलं कुणी गेलं की कानांना वर्षभर सवलत द्यावी लागते.

५

मग थेंबांचं झालं.

मी घरीच होते त्या सकाळी. बेल वाजली. दारात शिवणवाल्या काकू, गळ्यात टेप, हातात मेडिकलची पिशवी. "घ्या, तुमचं आलंय आमच्याकडे. सरांचे थेंब."

मी पिशवी घेतली. काकू दारातच उभ्या राहिल्या. चेहरा एकदम उतरला त्यांचा.

"मी आपली नेहमीसारखी पिशवी उचलून जिना चढायला लागले," त्या म्हणाल्या. "अर्ध्या जिन्यात आठवलं. आता कोण पाठवणार इथे?"

मी मेडिकलवाल्याला फोन लावला. तो आपला नेहमीच्या घाईत. "हो, दिलं पाठवून. चुकलं का काही?"

"ऑर्डर कुणी दिली?"

"बाई बोलत होत्या. मास्तरांचे थेंब संपलेत, आत्ताच पाठवा म्हणाल्या. पत्ता मी दोनदा विचारला हो. दोन्ही वेळा एकोणऐंशीच सांगितलं."

मी अप्पांच्या खोलीत गेले. जुनी बाटली उचलून हलवली. रिकामी.

"अप्पा, तुम्ही मेडिकलला फोन केला होता?"

"मी कशाला करू? संपलेत का थेंब?"

त्यांना दिसतच नव्हतं गं बाटलीत किती उरलंय. मला दिसत होतं, पण मी बघितलं नव्हतं. त्या घरात बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी तेव्हाही म्हटलं, दुकानदाराने नंबरांचा गोंधळ केला असेल. त्याच्याकडे जुनी नोंद असेल. दुसऱ्या कुठल्या मास्तरांचे थेंब असतील. काय काय म्हटलं मी. पण नवीन बाटली उघडून अप्पांच्या डोळ्यांत थेंब घालताना मला वाटत होतं, कुणीतरी माझ्या खांद्यावरून बघतंय. नीट घालतेय की नाही ते.

६

डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं. या आठवड्यात करा, नाहीतर उरलंय तेही जाईल.

मी घरी येऊन अप्पांसमोर बसले. जेवायच्या टेबलाशी, मधे यंत्र.

"जाईल तर जाईल," ते म्हणाले.

"जाईल तर जाईल काय? धोब्याकडे शर्ट गेलाय का?"

"रागावू नकोस, शून्या. तुला कसं सांगू." त्यांनी दोन्ही हातांची नळी करून डोळ्यांपुढे धरली. "मला आता असं दिसतं. मधे एवढंसं, भोवती सगळं काळं. त्या काळ्याच्या काठावर ती उभी असते."

कोण, असं मी विचारलं. उगाचच.

"मान वळवली की तीही सरकते. सरळ कधी दिसत नाही. पण काळं जसजसं आत येतंय ना, तसतशी ती जवळ येतेय. आधी दारापाशी असायची. मग खिडकीपाशी आली. आता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असते."

"कुठल्या खुर्चीच्या?"

"तू बसलीयेस त्या."

मी उठले नाही. उठावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, आईचा हात असेल तर उठायचं कशाला? आणि नसेल तर घाबरायचं कशाला? पाठ ताठ करून बसून राहिले आणि हळूच, अगदी एवढीशी, मागे टेकले. लाकूडच लागलं. गार नव्हतं मात्र.

"डॉक्टर म्हणतात ते काळं आहे तिथे थांबवतो," अप्पा म्हणाले. "म्हणजे तीही तिथेच थांबेल. आता हाताच्या अंतरावर आलीये गं ती. आणखी थोडं काळं आत येऊ दिलं तर..."

"तर मी दिसायची बंद होईन," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावर हात फिरवत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. मग बोलले ते गणितच.

"आपण ठरवू या. ती रोज वाचते ती संख्या तू तुझ्या लॅपटॉपवर तपास. विषम आहे हे मला कळतंय. पुढचं माझ्या आवाक्यात नाही. ती एकने वरकड निघाली, तर मी येणार नाही. कारण मग असं असू शकतं. आहेत त्याहून एक जास्त असू शकतं, या जगात, या घरात. आणि तशी नसली तर मी मुकाट्याने येतो. शब्द."

७

मी तिथेच टाईप करायला बसले. अप्पांनी बरोबर दाबलं, आई वाचत गेली, मी अंक भरत गेले. बावीस, सदुसष्ट, शून्य चार. शेवटी ती थांबली. श्वास घेतला. "एकोणऐंशी."

माझी बोटं कळांवर तशीच.

सात-नऊ, की आठ-नऊ?

अप्पांनीच मला लहानपणी शिकवलंय, विषम संख्येच्या वर्गात दशकाच्या जागी कायम सम अंक येतो. एकोणपन्नास, एकशे एकोणसत्तर, दोनशे एकोणनव्वद, करून बघ कितीही. शेवटी सात-नऊ असेल तर ती संख्या वर्ग असूच शकत नाही. आणि वर्ग नाही म्हणजे एकने वरकड नाही. तपासायचीही गरज नाही, तिथल्या तिथे निकाल. पण आठ-नऊ असेल तर असू शकते.

आणि मला माहीत होतं गं. एकाखाली एक लावून ऐकलं होतं मी. यंत्रातला सात-नऊचा छापा कसा आहे ते मला पाठ झालं होतं. हा तो नव्हता.

मी सात-नऊ भरलं.

"नाही, अप्पा. शेवटी एकोणऐंशी आहे. दशकात सात. विषम वर्ग होऊच शकत नाही."

अप्पांनी मान माझ्याकडे वळवली, नळीतून बघितल्यासारखी, बरोबर माझ्या चेहऱ्यावर रोखून.

"माझं एकोणऐंशी, की तिचं?"

खालून काकूंचं शिवणयंत्र ऐकू येत होतं. माझ्या खुर्चीची पाठ करकरली. मी हलले नव्हते.

"तुमचं," मी म्हटलं.

त्यांनी यंत्रावर हात ठेवला, झोपलेल्याच्या कपाळावर ठेवावा तसा. "मग एकोणच म्हणायचं हे घर," असं पुटपुटले. आणि उठून, भिंतीला हात लावत, दवाखान्यासाठी कपाटातून कपडे काढायला गेले.

८

आज सकाळी इथे आलो. अप्पांनी यंत्र बरोबर घ्यायला लावलं. त्यांना आत नेलं, मी बाकावर बसले, आणि मला राहवेना. लॅपटॉप उघडला. सातावर गेले, तो पुसला, आठ केला. एकच अंक.

वर्गमूळ काढलं. पूर्ण आलं. दशांशापुढे एकही अंक नाही.

म्हटलं योगायोग असेल. मग त्याचे मूळ अवयव काढले. स्क्रीनवर एकाखाली एक आले. मी बोटाने मोजले, मग परत मोजले. सात. सातही वेगवेगळे.

आता फक्त बेरीज राहिली. एक कळ दाबायची. मी बोट ठेवून बसले होते, तेवढ्यात आतून नर्स आली.

"आतल्या आजोबांचे थेंब तुम्ही घालून गेलात का? मी घालायला गेले तर झालेले."

"नाही, मी इथून हललेसुद्धा नाही."

"घातलेत कुणीतरी. गालावर ओघळलेलंही स्वच्छ पुसलंय. आमच्याकडे एवढं कोण करतंय." ती कागद बघायला लागली. "मग त्या दुसऱ्या बाई असतील. मी पडद्याबाहेर होते, तेव्हा आतून ऐकू आलं ना. मास्तर, डोळा मिटायचा नाही, असं दटावत होत्या. मला वाटलं तुम्हीच."

"दुसऱ्या बाई?"

"हे काय. बरोबर कोण कोण आहे विचारलं, तर आजोबांनीच सांगितलं, दोघी." आणि तिने मला दोन बिल्ले दिले, नातेवाइकांचे. पट्टी सोडतील तेव्हा आत जायला. दोन.

म्हणजे अप्पांना कळलं होतं गं. मी "तुमचं" म्हटलं तेव्हाच माझं खोटं कळलं होतं. तरी आले. का आले, ते मी मघापासून जुळवतेय. माझ्यासाठी आले, की थेंब पाठवणारीला काय हवंय ते त्यांनाही कळलं म्हणून आले? जिला ते जवळ यायला हवे होते, ती थेंब कशाला पाठवेल?

की असंही असेल, की काळं थांबलं तरी तिला आता त्याची गरज उरलेली नाही.

नर्स गेली. मी एक बिल्ला गळ्यात घातला. दुसरा हातात धरून बसलेय. बाकावर माझ्या शेजारी पिशवी आहे, पिशवीच्या पलीकडे जागा आहे. लोक उभे आहेत समोर, बसायला जागा शोधतायत. त्या जागेवर कुणी बसत नाहीये. एक आजी आल्या, वाकल्या, मग "बसा, बसा" म्हणून पुढे गेल्या. मला म्हणाल्या असतील. मी तर बसलेलीच होते.

आणि तुला फोन लावला ना, तेव्हा पिशवीतून आवाज आला. "बरोबर." एवढंच. माझं कोपर लागलं असेल, कळ दाबली गेली असेल. तो बेरजेनंतरचा बरोबर होता, की खरं आहे म्हणणारा बरोबर, की सोबत आहे म्हणणारा, ते शब्दावरून कसं कळणार? आपल्याकडे तिन्हीला एकच नाव. पण आधी श्वास घेतलेला ऐकला मी.

बघ, दार उघडलंय. नर्स मला खुणावतेय. अप्पांची पट्टी सोडली की ते पहिल्यांदा काय विचारणार ते मला ठाऊक आहे. विचारणार, किती जणं आहोत आपण, शून्या? बेरीज अजून केलेली नाही. बोट कळेवर आहे, आणि दुसरा बिल्ला गरम झालाय माझ्या हातात. दाबू? की तशीच आत जाऊन सांगू?

तू असतीस तर काय केलं असतंस?